टोकन हाती आले, घर नावावर झाले का?

फेब्रुवारी २०२२मध्ये फ्लोरिडातल्या गल्फपोर्ट शहरातल्या एका घराचा ऑनलाइन लिलाव झाला. बोली २१० इथरवर थांबली, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ६ लाख ५३ हजार डॉलर. व्यवहार घडवला प्रॉपी या अमेरिकी तंत्रज्ञान कंपनीने. ‘घर ब्लॉकचेनवर विकले गेले’ अशा बातम्यांतून एक समजूत पक्की होत गेली आहे, की टोकन ज्याच्या डिजिटल पाकिटात, घर त्याचे. निबंधक, वकील, सर्च रिपोर्ट यांची आता गरज उरली नाही. प्रत्यक्षात लिलावाआधी ते घर एका एलएलसीच्या, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या कंपनीच्या नावावर करण्यात आले आणि एनएफटी, म्हणजे लिलावातले टोकन, घेणाऱ्याला त्या कंपनीची मालकी मिळाली. टेकक्रंचचे संस्थापक मायकेल अॅरिंग्टन यांनी २०१७मध्ये प्रॉपीमार्फत घेतलेला कीव्हमधला फ्लॅट २०२१मध्ये एनएफटी म्हणून ३६ इथरला विकला गेला, तेव्हाही हीच रीत होती. आपल्याकडे एखादा बंगला खासगी कंपनीच्या नावावर असेल आणि कंपनीचे सगळे शेअर विकले, तर मिळकत पत्रिकेवरचे नाव बदलत नाही, कंपनीचा धनी बदलतो. घर ब्लॉकचेनच्या साखळीवर गेले नव्हते. साखळीवर फिरला तो कंपनीवरचा हक्क, आणि त्या हक्काला घराशी बांधून ठेवले ते अमेरिकेतल्या जुन्या कायद्याने. आपल्या बाजारात ‘टोकन दिले’ म्हणजे विसार दिला. तो दिल्याने घर नावावर होत नाही, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ठाऊक असते. या नव्या टोकनाकडेही तेवढ्याच सावधपणे पाहायला हवे, कारण इथे पणाला लागते ती बहुतेकांची आयुष्यभराची कमाई.

मग ब्लॉकचेन नेमके करते काय? खरेदीखताची फाइल घेऊन तिच्यावर एसएचए-२५६ हे गणित चालवले, की ६४ अक्षरांची एक खूण निघते. दस्तातला एक स्वल्पविराम हलवला किंवा क्षेत्रफळातला एक आकडा बदलला, तर संपूर्ण खूण वेगळी येते. ही खूण अनेक संगणकांवर एकाच वेळी, तारीखवार नोंदली गेली की मागाहून कुणी दस्तात गुपचूप फेरफार केल्यास तो उघड होतो. दप्तरातले पान फाडणे, मागच्या तारखेची नोंद घुसडणे या दुखण्यांवर हा खरोखर चांगला उपाय आहे. पण खूण सांगते ते एवढेच, की कागद तेव्हा होता तसाच आज आहे. कागदावर लिहिलेले खरे होते का, हे ती सांगू शकत नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने २०१६मध्येच ब्लॉकचेनवरच्या नोंदी न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरणारा कायदा केला. त्या कायद्याने एक मर्यादा स्पष्ट शब्दांत घातली आहे: नोंद अस्सल असल्याचे गृहीत धरले जाईल, पण नोंदीतला मजकूर खरा, वैध किंवा कायदेशीर आहे असे गृहीत धरले जाणार नाही. ब्लॉकचेनचे स्वागत करणाऱ्या कायद्यानेच ही रेघ ओढली आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही रेघ लवकर कळावी, कारण तिच्या दोन्ही बाजू आपण जगतो. दुय्यम निबंधकासमोर अंगठा आणि फोटो होतो, दस्ताला क्रमांक पडतो, इंडेक्स टू हाती येते. तरी बँक कर्ज देण्याआधी वकिलाकडून वर्षानुवर्षांच्या नोंदींचा सर्च मागते. का? कारण १९०८च्या नोंदणी कायद्याखाली नोंद होते ती दस्ताची, मालकीच्या खरेपणाची नव्हे. सातबाऱ्यावरच्या नोंदीलाही महसूल संहितेच्या कलम १५७ने दिलेले वजन ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी’ एवढेच आहे. बनावट कुलमुखत्यारपत्र घेऊन एखाद्याने भावाची जमीन विकली, बहिणीचा हिस्सा वगळून वारसनोंद केली, तर ब्लॉकचेन ती लबाडी पकडणार नाही. उलट निष्ठेने जपून ठेवील. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५मध्ये बिहारशी संबंधित एका निकालात विधी आयोगाला ब्लॉकचेनचा विचार करायला सुचवले. त्याच निकालात नोंदणी आणि मालकी हक्क यांतल्या दरीवरही बोट ठेवले आहे. ती दरी बुजवायची तर मोजणी, वारसतपास आणि हक्काची हमी देणारा कायदा लागतो.

यावर कुणी म्हणेल, मग जॉर्जिया या देशाला ब्लॉकचेनवरच्या नोंदींत मिळालेले यश खोटे का? मुळीच नाही. तिथल्या सार्वजनिक नोंदणी संस्थेने बिटफ्युरी कंपनीच्या मदतीने मालमत्तांच्या नोंदींच्या खुणा बिटकॉइनच्या साखळीवर नोंदवायला सुरुवात केली आणि ते काम टिकले. पण ही संस्था २००४पासून दप्तर साफ करत आली होती. साखळी आली ती स्वच्छ दप्तरावर. होंडुरासमध्ये २०१५साली फॅक्टम कंपनीच्या अशाच प्रकल्पाचा मोठा गाजावाजा झाला आणि त्याच वर्षअखेर तो अडकला. स्वीडनमध्ये जमीन नोंदणी प्राधिकरणाने क्रोमावे कंपनीसह २०१८मध्ये संपूर्ण व्यवहाराचे प्रात्यक्षिक यशस्वी केले. अडचण कायद्यापाशी आली, कारण स्थावर मालमत्तेच्या विक्रीत डिजिटल सही तेव्हा चालत नव्हती.

दुसरा आक्षेप असा, की मध्यस्थ गेले तर निदान खर्च वाचेल. कागदपत्रांची ये-जा, पैसे अडकून पडणे, तेच तेच अर्ज यांत बचत नक्कीच होऊ शकते, आणि ती सामान्य माणसाला हवीच आहे. पण प्रॉपीने स्वतःच पुढे टायटल आणि एस्क्रो सेवा उभी केली, म्हणजे हक्क तपासणे आणि व्यवहार पुरा होईस्तोवर पैसे सांभाळणे ही जुनीच कामे अंगावर घेतली. ती कामे संपत नाहीत म्हणूनच ना? शिवाय न बदलणारी नोंद हा नेहमीच गुण नसतो. न्यायालयाने फसवणुकीचे खरेदीखत रद्द ठरवले तर नोंद दुरुस्त करावी लागते. मालक अचानक वारला आणि पाकिटाची गुप्त चावी त्याच्याबरोबर गेली, तर त्याच्या पत्नीला आणि मुलांना घर मिळायलाच हवे. त्यासाठी जुने टोकन रद्द करून नवे देण्याचा अधिकार कुणाला तरी द्यावा लागेल, आणि तो अधिकार बजावणाऱ्याने मृत्यूचा दाखला, वारसदाखला, हरकतींची मुदत हे सगळे तपासूनच सही करावी लागेल.