दुसरी गाठ

फुप्फुसाच्या कर्करोगात शस्त्रवैद्याला एक गाठ दिसते. चिंता असते ती न दिसणाऱ्या दुसरीची. १९३३ साली अमेरिकेत डॉ. एव्हार्ट्‌स ग्रॅहम यांनी रोग्याचे अख्खे फुप्फुस काढले, तेव्हा त्या बाजूपुरता हा प्रश्नच उरला नाही. पुढे एक खंड काढणे पुरेसे ठरले. २०२२ मध्ये जपानी वैद्यांनी दाखविले की, कडेजवळच्या दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीस खंडाचा काही भाग काढूनही भागते. श्वास वाचतो खरा. परंतु त्याच खंडात दुसरी गाठ दडली असेल, तर ती मागे राहते. सी.टी. चित्रातून बारीक गाठ निसटू शकते, आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत चाचपणारा हात आत जात नाही. उलट, भारतात दिसलेली गाठ जुन्या क्षयाची खूणही असू शकते! तेव्हा तिचा आकार, कडा, काही महिन्यांतली वाढ आणि शक्य तेथे तुकड्याची तपासणी, एवढ्यावरच किती कापावे हे ठरवावे लागते.