प्रौढांसाठी कॉक्लिअर इम्प्लांट : पात्रता कशी ठरते?

श्रवणशक्ती कमी झालेल्या प्रत्येकाला कॉक्लिअर इम्प्लांट लागत नाही. बहुतेकांचे चांगल्या श्रवणयंत्रावर भागते. मात्र यंत्राचा आवाज कितीही वाढवला तरी समोरच्याचे बोलणे नुसता गलबला वाटत असेल, तर प्रश्न आवाजाचा नसून आकलनाचा असतो. अशा प्रौढांपैकी शस्त्रक्रिया कोणावर करावी?

श्रवणयंत्र आवाज मोठा करून कानात सोडते. इम्प्लांटचे कार्य निराळे आहे. कानामागचा प्रोसेसर ध्वनीचे संकेतांत रूपांतर करतो आणि आंतरकर्णातील कॉक्लिया या शंखाकृती भागात बसवलेले इलेक्ट्रोड श्रवणतंतूला थेट विद्युत चेतना देतात. ही शस्त्रक्रिया करताना कानात उरलेले नैसर्गिक ऐकणे नष्ट होऊ शकते. त्यामुळे घाई केल्यास आहे तेही गमावण्याची भीती असते. उलट फार उशीर झाल्यास, दीर्घकाळ ध्वनीला मुकलेल्या मेंदूला नवे संकेत उमगणे कठीण जाते. पात्रतेची रेषा या दोहोंमध्ये आखावी लागते.

इंग्लंडमधील बदल

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०१९ मध्ये ही रेषा सरकवली. पूर्वी ९० डेसिबलपेक्षा मोठाच आवाज ऐकू येणारे पात्र ठरत. आता ही मर्यादा ८० डेसिबल आहे. ५०० ते ४००० हर्ट्झ या टप्प्यातील ठरावीक पाचपैकी किमान दोन वारंवारतांवर, दोन्ही कानांत, यंत्राविना इतकी हानी असावी लागते.

दुसरा बदल अधिक महत्त्वाचा आहे. पूर्वी वाक्ये ऐकवून चाचणी होई, आता सुटे शब्द ऐकवले जातात. 'बाजारातून ताजी भाजी आणली' या वाक्यात 'भाजी' नीट ऐकू आले नाही, तरी संदर्भावरून ओळखता येते. परंतु 'पान', 'कान' की 'दान' हे सुट्या शब्दात केवळ कानालाच ठरवावे लागते. श्रवणयंत्र लावूनही अशा शब्दांतील निम्म्याहून कमी ध्वनी अचूक ओळखले गेले, तर यंत्राचा लाभ अपुरा मानला जातो.

अमेरिकेतील 'मेडिकेअर' या सरकारी विम्यानेही २०२२ मध्ये वाक्यचाचणीतील गुणांची कमाल मर्यादा ४० वरून ६० टक्क्यांवर नेली. म्हणजेच दोन्ही देशांत पूर्वी दारातून परत पाठवले जाणारे अनेक जण आज पात्र आहेत.

आकड्यांपलीकडे

चाचणीतील गुण हा निर्णयाचा एक भाग झाला. 'नाइस'च्या निकषांनुसार साधारणपणे किमान तीन महिने योग्य श्रवणयंत्र वापरून पाहिलेले असावे लागते. स्कॅनद्वारे कॉक्लिया व श्रवणतंतूची स्थिती तपासली जाते. मेनिंजायटिसमुळे बहिरेपण आल्यास कॉक्लियात हाड वाढून इलेक्ट्रोड बसवणे अवघड होऊ शकते. तेथे विलंब परवडत नाही. केवळ वय जास्त म्हणून मात्र कोणी अपात्र ठरत नाही. जन्मतः बहिऱ्या आणि कधीच ध्वनी न ऐकलेल्या प्रौढांना बोलणे समजण्याचा लाभ सहसा मर्यादित मिळतो, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगणे आवश्यक असते. यंत्र सुरू झाल्यावर आवाज प्रारंभी कृत्रिम भासतो आणि त्याला सरावण्यासाठी अनेक महिने द्यावे लागतात.

आपल्याकडे

भारतात केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेतून इम्प्लांटसाठी मिळणारे साहाय्य प्रामुख्याने लहान मुलांसाठी आहे. प्रौढांना लाखो रुपयांचा भार बहुधा स्वतःच उचलावा लागतो. म्हणूनच तपासणी काटेकोर हवी. शब्दचाचणी रुग्णाच्या रोजच्या भाषेत, मराठीत वा कोंकणीत, व्हायला हवी. अपरिचित भाषेत मिळालेले कमी गुण कानाचा दोष दाखवतातच असे नाही.

श्रवणयंत्र असूनही फोनवरचे बोलणे समजत नसेल, घरच्यांच्या ओठांकडे पाहिल्याशिवाय संवाद होत नसेल, तर केवळ ऑडिओग्रामवर समाधान मानू नये. यंत्र लावून शब्द किती समजतात, ही चाचणी श्रवणतज्ज्ञाकडे आवर्जून मागावी. पुढचा निर्णय तिच्यावर उभा राहतो.