प्रकाश-उत्प्रेरक, धातुमंडित
प्रकाश शोषून रासायनिक विक्रिया घडविणाऱ्या, पण स्वतः खर्च न होणाऱ्या अर्धसंवाहकाच्या कणांवर प्लॅटिनम, सोने, चांदी यांसारख्या धातूंचे अतिसूक्ष्म कण बसविले म्हणजे त्यास धातुमंडित प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात. प्रकाशाने मुक्त झालेला इलेक्ट्रॉन वाया जाऊ न देणे, हा या मंडनाचा मुख्य हेतू होय.

या वर्गात टिटॅनियम डाय-ऑक्साइडाचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे. त्याच्या ॲनाटेज या रूपात संयुजा पट्ट व संवहन पट्ट यांमध्ये सु. ३·२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जांतर असते. म्हणून सु. ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, म्हणजे जंबुपार, प्रकाशच इलेक्ट्रॉनास वरच्या पट्टात नेऊ शकतो. खाली धन भाराची पोकळी राहते. इलेक्ट्रॉनाने क्षपण व पोकळीने ऑक्सिडीकरण करावे, ही अपेक्षा; परंतु बहुतेक जोड्या त्यापूर्वीच पुन्हा एकत्र येतात आणि शोषलेली ऊर्जा उष्णतारूपाने निघून जाते.

फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये टिटॅनियम डाय-ऑक्साइडाच्या विद्युत् अग्रावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन दाखविले. त्यात प्लॅटिनमाचे अग्र वेगळे असून तारेने जोडलेले होते. धातुमंडित कणात ही दोन्ही अग्रे जणू एकाच कणावर येतात. प्लॅटिनमाची फेर्मी पातळी संवहन पट्टाच्या खाली असल्याने इलेक्ट्रॉन धातूकडे जातात व पोकळ्या ऑक्साइडात उरतात. संपर्कस्थानी शॉट्की रोध निर्माण होतो, असे याचे नेहमीचे स्पष्टीकरण आहे. ते मोठ्या स्फटिकांना शोभते; काही नॅनोमीटर आकाराच्या कणांना ते जसेच्या तसे लावणे युक्त नव्हे.

अशा लहान कणांविषयी मुंबई विद्यापीठाचे पीएच.डी. (१९७९) व पुढे अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात कार्यरत झालेले प्रशांत कामत आणि त्यांचे सहकारी यांचे संशोधन उद्‌बोधक आहे. सोन्याच्या कणात इलेक्ट्रॉन साठत गेले की, ऑक्साइड व धातू यांची सामाईक फेर्मी पातळी अधिक क्षपणक्षम बाजूस सरकते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांत हे सरकणे ८ नॅनोमीटरच्या कणांस सु. २० मिलिव्होल्ट, तर ३ नॅनोमीटरच्या कणांस सु. ६० मिलिव्होल्ट आढळले. कण लहान असला की, त्यात आलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन पातळी अधिक चढवितो. सोने इलेक्ट्रॉन साठवून ठेवते. प्लॅटिनम ते विद्रावाकडे लगेच सोडते, म्हणून हायड्रोजननिर्मितीस ते अधिक उपयोगी पडते.

दृश्य प्रकाशात मात्र प्रवासाची दिशा उलटते. सोन्याचे सूक्ष्म कण सु. ५२०-५५० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश तीव्रतेने शोषतात आणि त्यांतील उत्तेजित इलेक्ट्रॉन ऑक्साइडात शिरतात. फुरुबे व सहकाऱ्यांना २००७ मध्ये हे संक्रमण २४० फेम्टोसेकंदांच्या आत (१ फेम्टोसेकंद = १०⁻¹⁵ सेकंद) घडत असल्याचे दिसले.

धातूचे प्रमाण वाढवीत नेणे हितावह नसते. ठरावीक मर्यादेपुढे धातूच प्रकाश अडवितो, शिवाय साठलेल्या इलेक्ट्रॉनांकडे पोकळ्या ओढल्या जाऊन पुनर्संयोग वाढतो.

इलेक्ट्रॉन दूर नेण्याचा दुसरा मार्ग कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १९६२) भौतिकी विभागात अवलंबिला गेला. तेथे विद्रावाचा फवारा तप्त काचेवर मारून ऑक्साइडांचे पातळ थर बनविण्यात आले व बाह्य विद्युत् दाब लावून पाण्यातील कार्बनी द्रव्यांचे विघटन अभ्यासण्यात आले. पंचगंगेच्या खोऱ्यात, विशेषतः इचलकरंजीच्या कापड-प्रक्रिया उद्योगांमुळे, रंगीत सांडपाण्याचा प्रश्न जुना आहे. अशा प्रयोगांचे निष्कर्ष जपून वाचावे लागतात. रंजकद्रव्य स्वतःच दृश्य प्रकाश शोषून ऑक्साइडाला इलेक्ट्रॉन देते व त्यात त्याचा रंग नष्ट होतो. रेणूचे तुकडे मात्र पाण्यातच राहू शकतात, आणि त्यांतील काही मूळ रंजकाहून घातक असू शकतात. त्यामुळे रंगाच्या तीव्रतेबरोबर पाण्यातील एकूण कार्बनी कार्बनही मोजावा लागतो.