अभ्युपगम आणि उपपत्ती : सिकंदराबादच्या एका डासाच्या निमित्ताने

विज्ञानाच्या वर्गात 'हायपोथेसिस' आणि 'थिअरी' या दोन शब्दांची सरमिसळ होते, तिचे खापर केवळ विद्यार्थ्यांवर फोडता येणार नाही. बराचसा दोष भाषेचा आहे. मराठीत हायपोथेसिसला कोणी अभ्युपगम म्हणतो, कोणी परिकल्पना, तर कोणी गृहीतक. थिअरीला उपपत्ती किंवा सिद्धांत म्हणतात आणि डार्विनपुरते चक्क 'वाद'. मग 'उत्क्रांतिवाद' हा शब्द ऐकणाऱ्याला वाटते की या विषयावर शास्त्रज्ञांत अजून वादच चालू आहे. उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची अडचण निराळी. हायपोथेसिससाठी त्याच्याजवळ 'मफरूजा' हा नेमका शब्द आहे. गणितातले 'फर्ज कीजिए' त्याच मुळातले. पण थिअरीसाठी योजला जाणारा 'नजरिया' हा शब्द व्यवहारात दृष्टिकोन या अर्थानेच चालतो, आणि दृष्टिकोन काय, ज्याचा त्याचा असतो!

त्यात भर पडते ती फळ्यावरच्या शिडीची. अभ्युपगम सिद्ध झाला की त्याची उपपत्ती होते आणि उपपत्ती पक्की झाली की तिचा नियम होतो, असे सर्रास शिकवले जाते. हे बरोबर नाही. अभ्युपगम म्हणजे एका विशिष्ट प्रश्नाला दिलेले तात्पुरते उत्तर. मात्र ते तपासता आले पाहिजे आणि चुकीचे असेल तर तसे दिसून आले पाहिजे. उपपत्ती ही अनेक तपासलेल्या गोष्टींचा कार्यकारणसंबंध एकत्र उलगडून दाखवते. दोहोंतील फरक खात्रीच्या कमीअधिक प्रमाणाचा नसून कामाचा आहे.

हिवतापाचे उदाहरण घ्यावे. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच 'वाईट हवा' असा आहे. 1880 मध्ये लाव्हरान यांना अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात या रोगाचा परजीवी दिसला. पण तो एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा, हे कोडे उरले. 1894 मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी रोनाल्ड रॉस यांच्यापुढे एक अभ्युपगम मांडला : डास रक्ताबरोबर हा परजीवी शोषून घेतो, पुढे तो डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिणाऱ्याला रोग होतो. रॉस यांनी दोन्ही भाग तपासले. पाण्याच्या कल्पनेला आधार मिळाला नाही. डासाच्या कल्पनेलाही दोन वर्षे मिळाला नाही, कारण चिरून पाहिलेले डास भलत्याच जातींचे होते. अखेर सिकंदराबादेत ठिपकेदार पंखांचे डास हाती आले. हुसेन खान नावाच्या रुग्णाला ते चावू दिले गेले, डासामागे एक आणा या दराने. (विज्ञानाच्या इतिहासात या माणसाची नोंद एवढीच!) 20 ऑगस्ट 1897 रोजी त्यांतील एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना परजीवीच्या रंगद्रव्यासह पेशी दिसल्या. 1898 मध्ये कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करताना डासाच्या लाळग्रंथीपर्यंतचा मार्ग त्यांनी दाखवला. त्याच वर्षी इटलीत ग्रासी व सहकाऱ्यांनी माणसाच्या बाबतीत अ‍ॅनॉफिलीस डास निश्चित केला.

एकाच अभ्युपगमाचा अर्धा भाग टिकला आणि अर्धा गळून पडला, हे वर्गात आवर्जून सांगण्याजोगे आहे. टिकलेल्या भागाची 'थिअरी' झाली असेही नाही. ते एक प्रस्थापित तथ्य झाले आणि रोग सूक्ष्मजीवांमुळे होतात या पाश्चर-कॉख यांच्या व्यापक उपपत्तीत त्याला जागा मिळाली. त्या चौकटीतून लगेच नवा अभ्युपगम निघाला : वाईट हवा तीच राहू द्या, फक्त डास अडवा. 1900 मध्ये रोमजवळच्या दलदलीच्या प्रदेशात काही संशोधक तापाच्या हंगामात जाळी लावलेल्या झोपडीत राहिले. रात्री ते बाहेर पडत नसत. त्यांना हिवताप झाला नाही.

नियमाची गोष्ट थोडक्यात. वायूचा दाब आणि आकारमान यांचा संबंध सांगणारा बॉइलचा नियम 1662 चा. तसे का घडते हे सांगणारी वायूंची गतिज उपपत्ती नीट उभी राहिली एकोणिसाव्या शतकात. नियम आधी, उपपत्ती नंतर. शिडी इथेच मोडते.

आणि उपपत्ती म्हणजे पूर्णविराम नव्हे. डास चावल्यानंतर पहिले काही दिवस परजीवी रक्तात सापडत नाही, मग तो असतो कुठे, हा प्रश्न रॉस यांच्यानंतरही पन्नास वर्षे शिल्लक होता. 1948 मध्ये शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी तो माणसाच्या यकृतात शोधून काढला. चौकट मोडावी लागली नाही. तिच्यातली एक रिकामी जागा भरली गेली.