भाडे मागणारी खुर्ची

२००१ साली कॅनडातील संशोधक स्टीव्ह मान यांनी एक खुर्ची तयार केली. तिच्या बैठकीतून टोकदार खिळे वर आलेले असत. बसायचे असेल तर यंत्रात कार्ड सरकवून 'बसण्याचा परवाना' घ्यायचा, मग खिळे आत जात. मुदत संपली की ते पुन्हा वर येत. अर्थात ही खुर्ची विक्रीसाठी नव्हती. संगणकाच्या आज्ञावलींसाठी आपण जे परवाने निमूटपणे घेतो, ते खुर्चीला लावले तर कसे दिसतील, हे तिला दाखवायचे होते. पुढे २००८ साली जर्मन कलावंत फाबियान ब्रून्सिंग यांनी ५० सेंटचे नाणे घेऊन खिळे आत ओढणारे बाक बनवले.

अशी विक्षिप्त वस्तू वर्गात कागदावर रचून पाहण्यासारखी आहे. समजा, आपण वर्गणीवर चालणारी छत्री करायचे ठरवले. साध्या छत्रीत दांडा, काड्या, कापड आणि उघडलेली छत्री धरून ठेवणारा खटका असतो. वर्गणी संपताच ही छत्री मिटायला हवी. त्यासाठी मुदत मोजणारे घड्याळ, खटका सोडवणारा विद्युतचुंबक, मिटवणारी स्प्रिंग आणि सेल लागतील. विद्यार्थ्यांना या भागांची यादी करू द्या व प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहायला सांगा: याने पाऊस अडतो का? उत्तर दर वेळी 'नाही' असेच येईल. हे भाग पावसाला नव्हे, छत्री धरणाऱ्याला अडवतात. छत्री महागली, जड झाली, बिघडण्याच्या जागा वाढल्या. उपयोग मात्र काडीइतकाही वाढला नाही.

आता दुसरा प्रश्न. सेल संपला तर छत्रीने काय करावे? ती उघडीच राहिली तर लोक सेल काढून ती फुकट वापरतील! म्हणजे विद्युतचुंबकाने खटका नुसता सोडवून भागणार नाही. तो सतत धरून ठेवावा लागेल आणि वीज जाताच छत्री मिटेल. सेल आणखी लवकर संपेल, ते वेगळेच. लिफ्टमध्येही वीज गेली की स्प्रिंगच्या जोराने ब्रेक लागतो, पण तो आतल्या माणसाला वाचवण्यासाठी. बिघाड झाल्यावर कोणाला सांभाळायचे, हे यंत्र रचणारा आधीच ठरवत असतो.

हा सारा विनोदच आहे असे नाही. २०२२ साली बीएमडब्ल्यू कंपनीने काही देशांत मोटारीचे आसन गरम करण्याची सोय मासिक शुल्कावर देऊ केली. तापणाऱ्या तारा आसनात आधीच बसवलेल्या होत्या. शुल्क होते ते त्यांचे कुलूप उघडण्याचे. बरीच टीका झाली आणि २०२३ साली कंपनीने हा प्रकार सोडून दिला.

मग वर्गणी वाईटच का? तसे नाही. दूध, वीज, वर्तमानपत्र यांत दर खेपेस काही नवे मिळते आणि ते पुरवण्याचा खर्चही दर खेपेस होतो. मासिकाची वर्गणी थांबवली तरी जुने अंक कपाटात राहतात. पडद्यावर वाचायची पुस्तके मात्र वर्गणीबरोबरच नाहीशी होऊ शकतात. तेव्हा शाळेसाठी धड्यांच्या चित्रफिती किंवा प्रश्नसंच वर्गणीवर घेताना आपली छत्री आठवावी आणि विचारावे: हे पैसे नव्या वस्तूचे की कुलूप उघडण्याचे? आणि वर्गणी थांबली की आपल्या कपाटात काय उरेल?