दोन जॅग्वार, एकच शर्यत: शून्य ते साठ

जुन्या गाड्यांचा वेग मोजायची ब्रिटिश पद्धत म्हणजे शून्यापासून ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किमी, गाठायला लागणारा वेळ. १०० किमीच्या आजच्या आकड्यांशी त्याची थेट तुलना करू नका!

१९४८ मध्ये लंडनच्या मोटर शोमध्ये आलेली जॅग्वार एक्सके१२० घ्या. ३.४ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, १६० अश्वशक्ती. साठ मैल साधारण दहा सेकंदांत. त्या काळी ही थक्क करणारी गोष्ट होती. १९६१ मध्ये जिनिव्हात ई-टाइप अवतरली. इंजिन त्याच घराण्यातलं, पण ३.८ लिटर आणि २६५ अश्वशक्ती. वेळ थेट सात सेकंदांच्या आसपास!

खरी मजा पुढे आहे. ई-टाइपच्या सुरुवातीच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर सहज पडावा म्हणून असलेली यंत्रणा) नव्हता आणि गिअर बदलणंही संथ. १९६४ मध्ये ४.२ लिटर इंजिनासोबत नवा गिअरबॉक्स आला. अश्वशक्ती कागदावर तीच, टॉर्क वाढलेला. घड्याळात फारसा फरक पडला नाही, पण चालवायला माझ्या मते हीच सरस. पुढे अमेरिकेतल्या प्रदूषण नियमांमुळे तिथल्या गाड्यांवर तीनऐवजी दोनच कार्ब्युरेटर आले आणि दम कमी झाला. म्हणून नुसतं ‘ई-टाइप’ म्हणून तुलना करू नका. साल आणि बाजारपेठ आधी विचारा.

आणखी एक: तेव्हाची अश्वशक्ती बहुधा सायलेन्सर, डायनॅमो वगैरे न जोडता मोजलेली असे. आजच्या आकड्यांपुढे ती फुगलेली दिसते.