गरज बाळाची, परीक्षा आईची : ब्रिटनमधील तरुण एकल मातांच्या मदतीचा मागोवा

एकटीने मूल वाढवणाऱ्या तरुण स्त्रीला सरकारने कितपत आधार द्यावा, हा प्रश्न ब्रिटनमध्ये जवळजवळ दोनशे वर्षे वादाचा राहिला असून, त्याचे उत्तर देताना तिथल्या कायद्याने बाळाला काय लागते याआधी आई कशी वागली याचीच चौकशी बहुतेक वेळा केली. १८३४ च्या सुधारित गरीब कायद्याने अविवाहित मातेच्या मुलाचा सगळा भार तिच्या एकटीच्या माथी टाकला आणि मुलाच्या बापाची जबाबदारी जवळपास संपवून टाकली. तिला हा भार पेलला नाही तर वर्कहाउसचे दार तेवढे उघडे असे. वर्कहाउस म्हणजे निराधारांना कामाच्या मोबदल्यात अन्न आणि छप्पर देणारी संस्था; तिथले जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जिण्यापेक्षाही हलाखीचे असावे, असा दंडक मुद्दामच घालून दिलेला होता. बापाकडून पोटगी मागण्यासाठी स्वतः न्यायालयात जाण्याची मुभा मातेला १८४४ मध्ये मिळाली खरी, पण १९१३ च्या मानसिक दुर्बलताविषयक कायद्याने गरीब-मदत घेत असताना बाळंत झालेल्या अविवाहित स्त्रीला ‘दुर्बल’ ठरवून संस्थेत डांबण्याची वाट खुली केली, आणि अशा किती तरी स्त्रियांची उमेदीची वर्षे त्या भिंतींआड गेली.

लेटिस फिशर यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये अविवाहित माता आणि तिचे मूल यांच्यासाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, तेव्हा माता आणि मूल यांचा एकत्र विचार करणारी भूमिका प्रथमच संघटितपणे मांडली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कल्याणकारी राज्याने मात्र ही भूमिका अर्धीच स्वीकारली. विल्यम बेव्हरिज यांच्या १९४२ च्या अहवालावर उभ्या राहिलेल्या सामाजिक विम्यात लाभ मिळे तो भरलेल्या हप्त्यांवर. त्यामुळे पतीच्या हप्त्यांच्या आधारावर विधवेला हक्काची रक्कम मिळाली, तर जिच्यामागे पतीच नव्हता अशा मातेच्या वाट्याला १९४८ च्या कायद्याखालील ‘राष्ट्रीय साहाय्य’ आले, म्हणजे उत्पन्न आणि शिल्लक तपासून दिली जाणारी मदत. दोघींच्या घरी मुले सारख्याच भुकेची असली तरी एकीला हक्क आणि दुसरीला तपासणी, ही विभागणी पुढची अनेक दशके टिकली. तरीही लहान मूल सांभाळणाऱ्या मातेला काम शोधण्याची सक्ती या कायद्याने केली नाही, हे त्या काळाच्या मानाने मोठे पाऊल होते आणि त्याची नोंद इतिहासकारांकडून जितकी व्हायला हवी तितकी होत नाही.

पैशाची सोय अपुरी आणि घराची सोय त्याहून अपुरी असल्याने युद्धोत्तर वर्षांत हजारो तरुणींना माता-शिशु गृहांचा आसरा घ्यावा लागला. बहुधा धार्मिक संस्थांनी चालवलेल्या या गृहांत प्रसूतीच्या आधीचे काही आठवडे आणि नंतरचे काही आठवडे राहता येई, आणि त्या मुदतीनंतर जायचे कुठे याचे उत्तर नसलेली मुलगी बाळ दत्तक देण्याच्या कागदावर सही करी. संसदेच्या मानवी हक्कविषयक संयुक्त समितीने २०२२ मध्ये दिलेल्या अहवालानुसार १९४९ ते १९७६ या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये अविवाहित मातांची सुमारे १,८५,००० बाळे दत्तक दिली गेली, आणि त्याबद्दल सरकारने माफी मागावी अशी शिफारस समितीने केली. त्या सह्यांना संमती म्हणणे कठीण आहे, कारण राहायला एक खोली आणि आठवड्याला पुरेल एवढी रक्कम हाती असती तर त्यांतल्या कित्येक मातांनी बाळ जवळच ठेवले असते.

मॉरिस फायनर यांच्या अध्यक्षतेखाली १९६९ मध्ये नेमलेल्या समितीने १९७४ मध्ये सादर केलेला अहवाल हा या इतिहासातला सर्वांत विवेकी दस्तऐवज म्हणावा लागेल. एकपालक कुटुंब कोणत्या कारणाने निर्माण झाले, वैधव्याने, घटस्फोटाने की विवाहाविना, याची चौकशी न करता सर्वांना सारखा ‘हमीचा निर्वाहभत्ता’ द्यावा, म्हणजे सरकारने रक्कम आधी द्यावी आणि बापाकडून वसुली नंतर आपली आपण करावी, अशी समितीची सूचना होती. तेलसंकटाने गांजलेल्या सरकारने खर्चाचे कारण देऊन ती बाजूला ठेवली. हाती राहिले ते बालभत्त्यावर एकट्या पालकांना मिळणारी छोटीशी वाढ. दुसरीकडे ‘सहवासाचा नियम’ चालूच राहिला. एखादी स्त्री पुरुषाबरोबर पत्नीसारखी राहते असे अधिकाऱ्यांना वाटले, तर तो पुरुष तिला पोसतो असे गृहीत धरून तिची मदत बंद करणारा हा नियम होता, आणि त्यापायी घरात कोण येते-जाते याची पाळत ठेवली जाई.

घराच्या बाबतीत निर्णायक वळण आले ते १९७७ मध्ये. बीबीसीने नोव्हेंबर १९६६ मध्ये दाखवलेल्या ‘कॅथी कम होम’ या चित्रपटाने बेघर कुटुंबांची ताटातूट घराघरांत पोचवली होती, त्याच वर्षी ‘शेल्टर’ ही संस्थाही उभी राहिली होती. परंतु बेघरांना घर देण्याचे बंधन स्थानिक परिषदांवर टाकणारा कायदा लिबरल पक्षाचे खासदार स्टीफन रॉस यांनी मांडलेल्या खासगी विधेयकातून अकरा वर्षांनी आला. या कायद्याने ‘प्राधान्याची गरज’ ही कल्पना आणली आणि गरोदर स्त्री तसेच मुले सांभाळणारी व्यक्ती तीत स्पष्टपणे बसवली, त्यामुळे लग्नाचा दाखला विचारण्याचे कारणच उरले नाही. मात्र विधेयक संसदेतून जाताना त्यात ‘हेतुपुरस्सर बेघर’ ही अट घुसली : ज्याने स्वतःच्या कृतीने राहते घर गमावले, त्याला कायमचे घर देण्याचे बंधन परिषदेवर राहणार नव्हते. तरुण मातेच्या बाबतीत या अटीचा काच विशेष जाणवे. आईवडिलांनी घराबाहेर काढलेली एकोणीस वर्षांची मुलगी बाळ कडेवर घेऊन परिषदेच्या कार्यालयात गेली, की तिच्याकडे आईवडिलांची चिठ्ठी मागितली जाई, मग अधिकारी तिच्या घरी फोन करून खात्री करून घेई, आणि ती आपणहून निघून आली असावी असा संशय आला तर प्रकरण अडे. भांडणाचा भर ओसरला की आईवडिलांची भाषा फोनवर मवाळ होते, हे ज्याने अशी घरे पाहिली आहेत त्याला सांगायला नको.

ज्यांचा अर्ज मंजूर होई त्यांनाही पुष्कळदा आधी ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ हॉटेलातली खोली मिळे. पलंगाच्या कडेला पाळणा ठेवला की चालायला जागा उरू नये, बाटल्या उकळायला स्वयंपाकघर चार बिऱ्हाडांत एक असावे आणि न्हाणीघरासाठी जिन्यावर थांबावे लागावे, असे ते राहणे होते. मुले असलेल्या कुटुंबाला अशा जागी सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नये, असा आदेश इंग्लंडमध्ये एप्रिल २००४ पासून लागू झाला. तो मोडला गेल्याची उदाहरणे आजही सापडतात.

मधल्या काळात राजकारणाचा सूर कठोर झाला होता. ऑक्टोबर १९९२ मध्ये हुजूर पक्षाचे मंत्री पीटर लिली यांनी पक्षाच्या अधिवेशनात, घराच्या रांगेत पुढे जाण्यासाठी तरुणी गरोदर होतात असे सुचवणारे विडंबनगीत म्हटले, आणि समोरून टाळ्या पडल्या. १९९३ मध्ये सुरू झालेल्या बालनिर्वाह संस्थेने बापांकडून पैसे वसूल केले, पण मदतीवर जगणाऱ्या मातेच्या रकमेतून तेवढेच कापले जात असल्याने बाळाच्या ताटात काहीच पडत नसे. ही कपात पूर्णपणे थांबायला २०१० उजाडावे लागले. १९९७ च्या सत्तांतरानंतरही एकल पालकांच्या जादा रकमेला कात्री लागली आणि डिसेंबर १९९७ मध्ये मजूर पक्षाच्या ४७ खासदारांनी स्वतःच्याच सरकारविरुद्ध मत दिले. त्याच सरकारने पुढे १९९९ मध्ये किशोरवयीन मातृत्वाविषयी व्यापक धोरण आखले, अठरा वर्षांखालील एकट्या मातेला नुसती किल्ली हातात न देता देखरेख आणि सल्ला असलेले निवासस्थान द्यावे असे ठरवले, आणि शिकणाऱ्या वीस वर्षांखालील पालकांच्या पाळणाघराचा खर्च उचलला. अठराखालील गर्भधारणेचा दर १९९८ नंतरच्या दोन दशकांत निम्म्याहून खाली आला. या यशामागे लैंगिक शिक्षणापासून सामाजिक बदलापर्यंत अनेक कारणे होती, पण मदत वाढवली की अशा माता वाढतात हा जुना दावा या आकड्यांपुढे टिकत नाही.

२०१० नंतर मात्र आधार एकेक करून आकसत गेला. खासगी भाड्यासाठी मिळणाऱ्या मदतीची कमाल मर्यादा २०११ मध्ये परिसरातील मधल्या भाड्यावरून सर्वांत स्वस्त तीस टक्के घरांच्या पातळीवर आणली गेली. कुटुंबाच्या एकूण मदतीवर २०१३ मध्ये वर्षाला २६,००० पौंडांची मर्यादा आली आणि २०१६ मध्ये ती लंडनमध्ये २३,००० व इतरत्र २०,००० झाली. एप्रिल २०१७ पासून जन्मलेल्या तिसऱ्या आणि पुढच्या मुलासाठीची रक्कम बंद झाली. ही शेवटची अट एप्रिल २०२६ पासून रद्द करण्याची घोषणा नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली, आणि तिचे स्वागत योग्यच आहे.

तरुण मातेचे मोठे नुकसान मात्र फारशी चर्चा न होता झालेल्या एका बदलात आहे. १९८८ मध्ये पंचविशीच्या आतल्यांना कमी दर देणारी पद्धत आली, तेव्हा अठरा वर्षांवरील एकल पालकांना त्यातून वगळून पूर्ण दर दिला होता, कारण घर चालवण्याचा खर्च वयावर ठरत नाही हे तेव्हाच्या सरकारलाही मान्य होते. अनेक लाभ एकत्र करून २०१३ पासून आणलेल्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या योजनेत हा अपवाद गळला. परिणामी २०२५-२६ मध्ये पंचविशी ओलांडलेल्या एकट्या पालकाला महिन्याला ४००.१४ पौंडांचा मूळ भत्ता मिळत होता, तर चोवीस वर्षांच्या मातेला ३१६.९८ पौंड. मुलासाठीची आणि घरभाड्याची रक्कम वेगळी मिळते, पण वीज, शिधा आणि बसभाडे या मूळ भत्त्यातूनच भागवावे लागते, आणि त्यांचे दर दोघींना सारखेच असतात. एकपालक कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी हा अपवाद परत आणावा अशी मागणी वारंवार केली आहे. नियम अजून तसाच आहे.